वरून घ्यायचं मीठ

५ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मानवजातीवर आजवर जे घोर अन्याय झाले, त्यांत माझा क्रमांक फार वरचा लागणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून लिहून ठेवते: गेल्या महिन्यापासून मी उकडलेलं अंडं बिनमिठाचं खाते आहे.

एकदा खाऊन बघ. रबराचा चेंडू निदान उडी तरी मारतो.

या घरातून मिठाची हकालपट्टी झाली आहे. हुकूम दादाचा, अंमलबजावणी आईची. दादा दिवाळं निघालेल्या माणसाच्या उत्साहानं आरोग्यावरचे लेख वाचतो आणि आमच्यावर प्रयोग करतो. स्वतः तो दुसऱ्या शहरात राहतो आणि तिथे मुठी भरभरून खारवलेले काजू खातो, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं आहे. आईचा रक्तदाब थोडा वर गेला, डॉक्टरांनी एक गोळी दिली, जिच्यामुळे तिला सारखं उठून बाथरूमला जावं लागतं. दादानं त्या गोळीवर स्वतःची दोन कलमं वाढवली. एक, मीठ पूर्ण बंद. दोन, पाणी दिवसाला चार लिटर.

आणि हे पाणी नळाचं नाही, बरं का! ओट्यावर आता एक यंत्र आहे. निळा दिवा, पोटात नळ्या, आणि पेला भरला की ते बारीक आवाजात गाणं म्हणतं. सोबतच्या माहितीपत्रकात धबधब्याजवळ डोळे मिटून उभी असलेली एक बाई आहे आणि खाली लिहिलं आहे की हे यंत्र पाण्यातले सगळे क्षार काढून टाकतं आणि त्यात 'शुद्ध ऋण आयन' सोडतं. त्या बाईला तिथे पाय घसरायची भीती कशी वाटत नाही, एवढा एकच प्रश्न मला पडला. बाकीचं समजलं नाही.

म्हणून हे पत्र. मला या यंत्रावर सदर लिहायचं आहे. संपादक म्हणाले, "बाई, यंत्राची चेष्टा करा, पण आधी आयन म्हणजे काय ते कुणाला तरी विचारा. मागच्या वेळी तुम्ही प्लुटोवर लिहिलंत तेव्हा सतरा लोकांचे फोन आले." आयन म्हटलं की मला एकच माणूस आठवतं, जिनं मी फ्रॉकात असताना शाळेच्या प्रयोगशाळेत केरोसिनच्या बाटलीतून चिमट्यानं मऊ धातूचा एक तुकडा काढला, पाण्यात टाकला आणि तो तुकडा फुरफुरत, पिवळा पेट घेत पाण्यावरून पळत सुटला. मी किंचाळले होते. तू म्हणालीस, "ओरडू नकोस तिखटे, सोडियम आहे, कुत्रं नाही."

फोन केला असता. पण लोकांच्या भिंतींना कान असतात, आमच्याकडे ते थेट आईला आहेत. तुझं नाव या घरात काढायचं नसतं हे तुला मी सांगायला नको. शिवाय फोनवर तू "हं", "बरं" आणि "ठेवते" असे तीनच शब्द बोलतेस. पत्रात तुला माझं सगळं ऐकावं लागतं.

आई मजेत आहे. खरं तर मला सदराला इतका माल ती एकटीच पुरवते आहे की तिला मानधन द्यावं. परवा चष्मा सापडेना. फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यात निघाला. काल खालच्या शिंपीणबाईंचं मशीन सुरू झालं तर मला विचारते, "ही गाडी सुटणार कधी?" मी म्हटलं, सिग्नल मिळाला की. तर खरंच पर्स घेऊन बसली. सकाळी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होती. मी म्हटलं, तसं वाचलं तरी बातम्यांत फरक पडत नाही म्हणा. दिवसभर पेंगते, मळमळतं म्हणते आणि त्याचं खापर माझ्या स्वयंपाकावर फोडते. चालताना भिंत धरते, जणू आपलं घर बंदर सोडून निघालं आहे. दादा म्हणाला, "वय झालं, पाणी वाढव." त्यानं तिच्या फोनमध्ये गजर लावून दिले आहेत. गजर वाजला की पेला, पेला भरला की गाणं.

माझं म्हणशील तर मी तगून आहे. शिंपीणबाईंकडून वाटीभर मीठ उसनं आणलं आहे आणि ते बुटांच्या कपाटात, पॉलिशच्या डबीमागे लपवलं आहे. लोक त्या जागी बाटली लपवतात. माझी अधोगती मिठावरच थांबली.

तर आयन म्हणजे काय, ते कळव. बिनमिठाच्या मेंदूला झेपेल अशा भाषेत.

तुझी,
तिखट

१२ फेब्रुवारी
(दवाखान्यातून)

मावशी,

आई आहे. हे आधी लिहिते, मग बाकीचं.

तू फोन ठेवलास तेव्हा मला राग आला होता, हे कबूल करते. नऊ वर्षांत तू स्वतःहून केलेला पहिला फोन, आणि त्यात ना नमस्कार ना चौकशी.

"आईला दवाखान्यात ने."

"अगं मावशी, पत्र मिळालं का? मी विचारलं होतं की—"

"मिळालं. म्हणूनच सांगते. चार लिटर पाणी, मीठ बंद, लघवीची गोळी आणि चष्मा लोण्यात. यात तुला विनोद कुठे दिसला?"

"सगळीकडे."

"रक्तातलं सोडियम तपासायला सांग. नाव लक्षात राहील ना? पाण्यावर पळालं होतं ते. उद्या नाही. आत्ता."

आणि फोन बंद. मी आईकडे गेले तर ती अंथरुणावर बसून उशीच्या अभ्र्याला बटणं लावत होती. सुई नव्हती, दोरा नव्हता, बटणंही नव्हती. तरी इतकी व्यवस्थित लावत होती की मला क्षणभर वाटलं, आपल्यालाच दिसत नसतील. मी धावत जाऊन शिंपीणबाईंना बोलावलं. शिंपीणबाई आणि मी मिळून तिला जिन्यावरून खाली आणली. शिंपीणबाईंच्या गळ्यात मापाची फीत तशीच होती, आणि आई ती लगामासारखी धरून उतरली.

इथली डॉक्टर माझ्या सदराची वाचक निघाली, म्हणजे वयानं लहान असूनही दुःख भोगलेली आहे. तिनं कागद पुढे केला. "एकशे तेरा."

"हे कमी आहे का?"

"एकशे पस्तीसच्या वर हवं. अजून खाली गेलं असतं तर झटके आले असते. कदाचित शुद्धच आली नसती. कुणी सांगितलं तुम्हाला सोडियम तपासायला?"

"मावशीनं."

"डॉक्टर आहेत?"

"नाही, शिक्षिका. निवृत्त. मी तिला गंमत म्हणून पत्र लिहिलं होतं."

मावशी, मी विनोद लिहीत होते आणि तू लक्षणं वाचत होतीस. एवढंच माझ्या पंचवीस वर्षांच्या लेखनाचं मूल्यमापन पुरे.

मी डॉक्टरला म्हटलं, मीठच कमी आहे ना, मग घाला पटकन, पोतं आणून देते. ती म्हणाली, मीठ कमी पडलं, त्याहून पाणी फार झालं. सगळं पातळ होऊन गेलं आहे. आणि पटकन अजिबात नाही. इतक्या खाली गेलेलं सोडियम एकदम वर ओढलं तर मेंदूला कायमची इजा होते. थेंब थेंब, दिवसाला थोडंसंच, आणि मधे मधे रक्त तपासत राहायचं. म्हणून आता आईच्या हाताला एक नळी आहे आणि तिच्यातून इतक्या सावकाश थेंब पडतो की मी दोन थेंबांच्या मधे तुला एकेक वाक्य लिहिते आहे. लांबलचक वाक्य दिसलं तर समज, नळी जरा अडकली होती.

दादा आला आहे. बाहेर बाकावर बसून स्वतःच्या हातांकडे बघतो. मी त्याला टोचून बोलायचं म्हणून तीन वाक्यं तयार केली होती. चांगली होती. एकही बोलले नाही. त्याच्यासाठी चहा आणला आणि त्यात साखर घालून दिली. कशालाही बंदी नाही म्हटल्यावर तो रडायलाच लागला.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायची टाळली होती. उलटं वर्तमानपत्र लिहिलं, गाडी लिहिली, पण हे नाही. आई त्या आठवड्यात मला तू समजत होती. मी खोलीत शिरले की म्हणायची, "धाकटे, जेवलीस का?" मी सुरुवातीला म्हणायचे, आई मी आहे. मग "हो, जेवले" म्हणायला लागले. काल इथे आल्यावरही तेच. नर्सला सांगत होती, "माझी धाकटी बहीण यायची आहे. तिला वाढा. आणि मीठ तिच्याजवळ ठेवा, ती वरून घेते."

नर्स म्हणाली, "हो आजी, ठेवते हं." आई रागावली. "आजी कुणाला म्हणतेस? ती अजून लहान आहे."

'माय मरो, मावशी जगो' असं म्हणणारा जो कुणी होता, त्याला माय आणि मावशी यांच्यात निवड करायची घाई फार होती. माझ्या बाबतीत मावशी जगली म्हणून माय जगते आहे. आभार कसे मानतात हे मला नीट येत नाही. आयुष्यभर उलट्या बाजूचं लेखन केलं. तेव्हा हे वाक्य जसं आहे तसं घे: मावशी, तुझे उपकार.

तुझी,
तिखट

१८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

बातमी चांगली आहे आणि वाईटही, आणि दोन्ही एकच आहे: आई शुद्धीवर आली.

एकशे एकवीसला तिनं दादाला ओळखलं. एकशे सव्वीसला दवाखान्याच्या पडद्यांना नावं ठेवली. एकशे तीसला मला म्हणाली, "केस विंचर, बाहेरचे लोक येतात." डॉक्टर म्हणाली, प्रगती उत्तम आहे. मी म्हटलं, हो ना, दर अंकाला एक टोमणा.

काल एकशे तेहतीस झालं तेव्हा मी हळूच विषय काढला. म्हटलं, "आई, मावशीनं फोन केला होता. तिनंच ओळखलं."

"डॉक्टरांनी ओळखलं."

"डॉक्टरांना मी सांगितलं, मला मावशीनं."

"बरं."

"तू तिची आठवण काढत होतीस. तिला वाढायला सांगत होतीस."

आईनं चादरीची घडी नीट केली. मग म्हणाली, "ते माझं सोडियम बोललं असेल. मी नाही."

तुझं पत्र त्याच दुपारी आलं. शिंपीणबाई घरून घेऊन आल्या. मी ते बाहेर बाकावर वाचलं. पहिलंच वाक्य: 'तुझ्या यंत्राचा दावा खोटा आहे.' मावशी, तुझ्यात एक संपादक वाया गेला.

मला कळलं ते परत सांगते, चुकलं तर कान धर. अणूच्या पोटात जेवढं धन, तेवढंच बाहेर फिरणारं ऋण. म्हणून अणू एकूण कोरा. सोडियमकडे अकरा इलेक्ट्रॉन, पण अकरावा एकटाच बाहेरच्या कक्षेत. तो गेला की आत अकरा धन, बाहेर दहा ऋण, म्हणजे एक धन जास्त. आता तो अणू राहिला नाही, धन आयन झाला. क्लोरिनला बाहेरच्या कक्षेत एक कमी. त्यानं तो घेतला की तो ऋण आयन. एक, पाण्यात टाकला तर पेटणारा धातू. दुसरा, नाकात गेला तर माणूस मारणारा वायू. आणि एका इलेक्ट्रॉनच्या देवघेवीनंतर दोघं मिळून अंड्यावर टाकायचं मीठ. जे सोडियम आईच्या रक्तात कमी पडलं तेही हेच, इलेक्ट्रॉन देऊन शांत झालेलं. न दिलेलं सोडियम रक्तात असतं तर सगळ्यांचीच पळापळ झाली असती.

आणि नुसते ऋण आयन पाण्यात सोडता येत नाहीत, जितके ऋण तितके धन सोबत असावेच लागतात, हे वाचून माझं सदर तिथल्या तिथे लिहून झालं. फक्त उणेपणाच विकणारा दुकानदार जगात पहिल्यांदाच बघितला.

पण एक गोष्ट मी पुन्हा वाचली. देतो तो अधिक, घेतो तो उणे. मावशी, आपल्या घरात नऊ वर्षांपूर्वी हेच भांडण झालं नव्हतं का? आजीचं घर रिकामं करत होतो. सहा वर्षं आजीची उस्तवार आईनं केली होती आणि तू सुट्टीत यायचीस. मी कपबश्यांचं खोकं धरून दारात उभी होते. आई म्हणाली, "तू आयुष्यभर घेतच आलीस." तू म्हणालीस, "आणि तू दिलंस ते मोजतच आलीस." मग तू पिशवी उचललीस. कपबश्या माझ्याकडेच राहिल्या. अजून त्याच वापरतो.

मी हे तुझ्या आयनांशी जोडते आहे ते तुला आवडणार नाही, ठाऊक आहे. पत्राच्या शेवटी तू दोन रेघा मारून लिहिलं आहेस: 'अणूला इच्छा नसते, राग नसतो, त्यागही नसतो. सदरात असलं काही लिहू नकोस.' नाही लिहिणार. पण अणूला नसलं तरी तुम्हा दोघींना आहे, आणि तुम्ही दोघी मिळून दीडशे वर्षांच्या झालात. मला आता एवढंच जाणून घ्यायचं आहे की वाढा म्हणाली ती आई होती की सोडियम. हे कुठल्या तपासणीत कळतं का?

उद्या घरी सोडतील. पाणी आता मोजून.

तुझी,
तिखट

२ मार्च

प्रिय मावशी,

यंत्राची बढती झाली आहे. ते आता गॅलरीत असून त्याच्यावर कुंडी ठेवली आहे. कुंडीला पाणी घातलं की कधी कधी अजूनही गातं.

आईला पाण्याचा वाटा ठरवून दिला आहे. रेघा असलेला एक जग आहे, त्यातलं संपलं की संपलं. ती गोळी बदलली. मीठ इतरांसारखं, बेताचं. दादा रोज फोन करतो आणि सल्ला न देता ठेवतो. त्याला ते किती कठीण जातं हे त्याच्या श्वासावरून कळतं. आई त्या जगमधल्या पाण्याचा हिशेब इतका चोख ठेवते की काल मला म्हणाली, "चहात गेलेलं पण धर." तुझं वाक्य मला आठवलं, मोजण्याबद्दलचं. तिलाही आठवलं असावं. कारण एकदम म्हणाली, "डॉक्टरांनीच सांगितलंय मोजायला."

मी म्हटलं, मी कुठे काय म्हटलं?

आता नीट वाच. काल सकाळी ती मटार सोलत होती आणि मी समोर बसून तुझं दुसरं पत्र काढलं. म्हटलं, सदरासाठी वाचून बघते आहे, तुला त्रास होत असेल तर आत जाते.

"बस तिथेच. मला काय, ऐकू आलं तर आलं."

वाचायला लागले. तू लिहिलं आहेस की सोडियम आपला इलेक्ट्रॉन राजीखुशीनं देत नाही. तो ओढून काढायला ऊर्जा खर्च करावी लागते.

आईचे हात चालू होते. "अजून तशीच लिहिते का ती? शब्दांवर शब्द खोडून?"

"हो."

"वाच."

पुढे तू लिहिलं आहेस की क्लोरिन तो घेतो तेव्हा थोडी ऊर्जा परत मिळते, पण झालेला खर्च त्यातनं भरून निघत नाही.

"म्हणजे देणारा तोट्यात," आई म्हणाली. आवाजात जिंकल्याचा सूर होता.

"घेणाराही भरपाई करू शकत नाही, असंही लिहिलंय. त्यानं कितीही मनापासून घेतलं तरी." 'मनापासून' हे माझं, माफ कर.

"मग हे करायचं तरी कशाला?"

मी पुढचं वाक्य जसंच्या तसं वाचलं. 'नुसत्या देण्याघेण्याचा हिशेब कायम तोट्यातच निघतो. ऊर्जा बाहेर पडते ती त्यानंतर, दोन्ही आयन एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात तेव्हा. आणि ती सगळा खर्च भागवून वर उरते. मुलं परीक्षेत नेहमी एवढंच लिहायचं विसरतात.'

मावशी, तू हे रसायनशास्त्र म्हणूनच लिहिलं होतंस ना? मी विचारत नाही. तूही सांगू नकोस.

आईनं एक शेंग घेतली, सोलली, दाणे भांड्यात न टाकता सालांत टाकले आणि दाणे वेचून परत भांड्यात घातले. खाली मशीन सुरू झालं. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं, आता गाडी विचारते की काय. ती म्हणाली, "शिंपीणबाईंचं मशीन तेल मागतंय."

मग बऱ्याच वेळानं, शेंगांकडेच बघत:

"तिला कळव, मी मीठ कमीच घालते. तिला वरून घ्यावं लागेल."

मी विचारलं, "म्हणजे ये म्हणून कळवू?"

"मी ये म्हटलं का? मीठ वरून घ्यावं लागेल म्हटलं. जे म्हटलं ते लिही."

म्हणून जे म्हटलं ते लिहिलं. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू म्हणशील, पुरावा काय? नर्सला सांगितलं तसंच असेल हे. तर मी त्याच दुपारी आईला तपासणीला नेलं. ती कुरकुरली, अजून तारीख आली नाही म्हणाली. मी म्हटलं, डॉक्टरांनी लवकर बोलावलंय. डॉक्टरांनी बोलावलं नव्हतं. डॉक्टरला खरं काय ते सांगितलं तेव्हा ती हसली आणि स्वतःच रक्त घेतलं.

सोबत रिपोर्टची प्रत जोडली आहे. पहिल्या ओळीखाली मी लाल पेन्सिलीनं रेघ मारली आहे. सोडियम: एकशे सदतीस. तारीख कालचीच आहे. मावशी, तुझी बहीण हे वाक्य पूर्ण शुद्धीत बोलली.

तुझी,
तिखट

११ मार्च

प्रिय मावशी,

तुझं कार्ड मिळालं. 'गुरुवारी दुपारच्या गाडीनं येते. रिपोर्ट पाहिला. पोटॅशियमही ठीक आहे.' नऊ वर्षांच्या अबोल्यानंतर पोटॅशियमचा उल्लेख करून परत बोलायला लागणारं माणूस जगात दुसरं नसेल. कार्ड आईला दाखवलं. तिनं दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अक्षर सुधारलं नाही." मग ते फ्रिजच्या दारावर लावलं, रिपोर्टच्या शेजारी, एकाच चुंबकाखाली.

स्टेशनवर मी येईन. पिशवी मी धरेन. मागच्या वेळी हातात कपबश्या होत्या.

एक विनंती. डॉक्टरनं सांगितलेलं विसरू नकोस: फार खाली गेलेलं एकदम वर ओढायचं नसतं. तेव्हा पहिल्या दिवशी फक्त हवा, गाडीतली गर्दी आणि गुडघे. दुसऱ्या दिवशी माझं लग्न न होणं. त्यावर तुम्हा दोघींचं एकमत आहे, आणि माझी तक्रार नाही, कशाला तरी उपयोगी पडतंय. आजीचं घर तिसऱ्या दिवसाच्या आधी काढायचं नाही. मधे मधे मी चहा घेऊन येत जाईन आणि दोघींचे चेहरे तपासत जाईन.

आई तीन दिवस घर झाडते आहे. तू येणार म्हणून नव्हे, "झाडायला झालंच होतं" म्हणून. तुझ्यासाठी गॅलरीच्या बाजूची खोली काढली आहे. यंत्र गायला लागलं तर घाबरू नकोस, कुंडीला पाणी जास्त झालं असेल.

सदर छापून आलं. त्यात धबधब्याजवळची बाई आहे, दुकानदार आहे. आई नाही, तू नाहीस, एकशे तेरा नाही. संपादक म्हणाले, बाई, या वेळी जरा कमी तिखट झालंय. मी म्हटलं, हो, वरून घ्या.

काल बुटांचं कपाट आवरताना पॉलिशच्या डबीमागे शिंपीणबाईंची वाटी सापडली. काठाला चेपलेली, तळाशी चिमूटभर मीठ, ओल धरून घट्ट झालेलं. एवढं सगळं झालं, त्यांनी आईला जिन्यावरून उतरवलं, पत्रं आणून दिली, पण वाटीबद्दल एक शब्द काढला नाही. मी वाटी घासली, पुसली, आपल्या डब्यातलं मीठ काठोकाठ भरलं आणि वर अजून थोडं, शीग येईल एवढं. खाली गेले. मशीन चालू होतं, त्यांची पाठ दाराकडे होती. मी हाक मारली नाही. कापडाच्या तुकड्यांच्या शेजारी, त्यांचा हात पोचेल अशा जागी वाटी ठेवली आणि वर आले.

तुझी,
तिखट